रात्रपाळीचे डॉक्टर : ब्रिटनच्या आरोग्यसेवेत भारतीय पदवीची किंमत

१/
१९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील दोन डॉक्टरांनी सहा नवे डॉक्टर ‘जन्माला घातले’. हे सहा जण केवळ कागदावर होते. सर्व पुरुष, सर्व साधारण एकाच वयाचे, सर्वांचे शिक्षण ब्रिटनमध्येच झालेले, अनुभवही तोलून मापून सारखा. तिघांना इंग्रजी नावे दिली होती, तिघांना आशियाई. मग रुग्णालयांच्या जाहिराती पाहून प्रत्येक जागेसाठी एक इंग्रजी आणि एक आशियाई नावाचा अर्ज टपालात पडू लागला. २३ जागा, ४६ अर्ज. मुलाखतीचे बोलावणे आले की ते तत्काळ नाकारायचे, असा बेत होता.

हा प्रयोग पूर्ण होण्याआधीच पोलिसांच्या फसवणूकविरोधी पथकाने त्या दोघांना अटक केली.

त्या अर्जांचे काय झाले, ते पुढे येईलच. आजचा धागा दीर्घ आहे. कारण त्या पाकिटांच्या मागे शंभर वर्षांचा हिशेब आहे, आणि त्या हिशेबात मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेजही आहे.

२/
प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. परदेशी गेलेल्या कुशल माणसापुढची अडचण आपण बहुधा ‘नोकरी मिळत नाही’ एवढ्यावरच संपवतो. भारतीय डॉक्टरांची ब्रिटनमधील कथा याहून चमत्कारिक आहे. त्यांना नोकरी मिळत होती, किंबहुना त्यांच्यावाचून रुग्णालये चालत नव्हती. मिळत नव्हती ती हवी ती नोकरी, हव्या त्या गावी, हव्या त्या विषयात, आणि त्या नोकरीतून वर जाणारी पायरी.

३/
१८५८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली आणि डॉक्टरांचे अधिकृत नोंदणीपुस्तक सुरू झाले. या पुस्तकात नाव असेल तो डॉक्टर. १८८६ च्या कायद्याने साम्राज्यातील इतर प्रदेशांच्या पदव्यांनाही त्यात प्रवेश देण्याची वाट मोकळी झाली, आणि १८९२ पासून भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्या ग्राह्य धरल्या जाऊ लागल्या.

मुंबईत तोवर ग्रँट मेडिकल कॉलेजला जवळपास अर्धे शतक होत आले होते. १८४५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी होते. अध्यापनाची भाषा इंग्रजी, पुस्तके इंग्रजी, परीक्षेचा साचाही इंग्रजी. येथील पदवी आणि तेथील पदवी यांत अंतर राहू नये अशाच हेतूने ही सारी रचना झाली होती.

४/
अंतर प्रथम उघडे पडले ते १९३० साली. कौन्सिलचे म्हणणे असे की, भारतीय विद्यार्थ्यांना प्रसूतिशास्त्राचा पुरेसा प्रत्यक्ष अनुभव मिळत नाही, प्रत्येकाच्या हातून होणाऱ्या बाळंतपणांची संख्या फारच कमी पडते. या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. बाळंतपणासाठी रुग्णालयात जाणे त्या काळच्या बहुसंख्य भारतीय स्त्रियांना मान्यच नव्हते, मग विद्यार्थ्यांनी शिकावे कोठे?

परंतु वाद विकोपाला गेला तो तपासणीच्या प्रश्नावर. भारतीय महाविद्यालयांवर देखरेख कोणाची, लंडनची की भारताची? साम्राज्याविरुद्ध असंतोष पेटलेला असताना लंडनच्या पसंतीचा निरीक्षक स्वीकारणे भारतीय पुढाऱ्यांना आणि डॉक्टरांना मानवणारे नव्हते. कौन्सिलने १९३० मध्ये भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली.

मुंबईच्या वाचकांनी येथे आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. १९२६ साली परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय सुरू झाले, ते मुळी अध्यापकवर्ग सरकारी इंडियन मेडिकल सर्व्हिसबाहेरील भारतीय डॉक्टरांचाच असावा या देणगीदारांच्या अटीवर. म्हणजे ‘आमच्या डॉक्टरांची पारख आम्ही करू’ हा आग्रह त्या काळी मुंबईत विटांनी बांधला जात होता.

तोडगा पुढे निघाला. १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतःची मेडिकल कौन्सिल उभी राहिली आणि १९३६ मध्ये मान्यता परत मिळाली. तरी या प्रकरणाने एक गोष्ट दाखवून दिली होती : पदवीची किंमत ती देणाऱ्या विद्यापीठात ठरत नाही, ती स्वीकारणाऱ्या कचेरीत ठरते, आणि कचेरीचे मन बदलू शकते.

५/
५ जुलै १९४८. अन्यूरिन बेव्हन यांच्या पुढाकाराने ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजे आपल्या कानावर पडणारी ‘एनएचएस’, सुरू झाली. उपचार सर्वांना विनामूल्य. कल्पना भव्य होती. तिच्या हाती आलेली रुग्णालये मात्र फार असमान होती. एका बाजूला लंडन, ऑक्सफर्ड, एडिंबरो येथील प्रतिष्ठित शिक्षणरुग्णालये. दुसऱ्या बाजूला औद्योगिक गावांतील जुनी नगरपालिका रुग्णालये आणि त्याहून जुनी ‘वर्कहाउसे’, म्हणजे निराधारांना कामाच्या मोबदल्यात आसरा देणारी व्हिक्टोरियन काळातील आश्रयगृहे. त्यांच्या आजारी कक्षांचेच पुढे वॉर्ड झाले होते.

नव्या सेवेला कनिष्ठ डॉक्टर प्रचंड संख्येने हवे होते. रात्री वॉर्ड सांभाळणारे, रक्त काढणारे, तातडीच्या विभागात उभे राहणारे.

आणि नेमक्या याच सुमारास सरकारी अंदाज चुकला. १९५७ साली विलिंक समितीने अहवाल दिला की देशात डॉक्टर लवकरच गरजेपेक्षा जास्त होतील, सबब वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक दशांशाने घटवावी. प्रत्यक्षात घडले उलटेच. लोकसंख्या वाढली, सेवा विस्तारली, आणि तरुण ब्रिटिश डॉक्टर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे निघून गेले. समितीच्या एका चुकीच्या आकडेमोडीचे असे दूरगामी परिणाम इतिहासात क्वचितच पाहावयास मिळतात.

६/
इकडे भारतात काय स्थिती होती? १९४६ च्या भोर समितीने आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडला. तीन-चार वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडणारे ‘लायसेन्शिएट’ डॉक्टर बंद करून एकाच दर्जाचा, एमबीबीएस पदवीचा डॉक्टर घडवावा, असा तिच्या बहुमताचा कौल होता. हा डॉक्टर खेड्यात जाईल अशी अपेक्षा होती. पण त्याला जे शिकवले गेले ते मोठ्या रुग्णालयाचे वैद्यक होते : ग्रे यांची ॲनाटॉमी, बेली आणि लव्ह यांची सर्जरी. त्याची नजर खेड्याकडे वळेल कशी?

शिवाय विलायती पदवीचा मान होताच. ‘एफआरसीएस’ किंवा ‘एमआरसीपी’ ही अक्षरे गिरगाव-दादरच्या किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडच्या पाटीवर झळकली की सल्लागार म्हणून नाव होई, वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळणे सुकर होई. तेव्हा बहुतेकांचा बेत साधा होता : चार-पाच वर्षे जायचे, परीक्षा द्यायची, परत यायचे. कायमचे राहण्यासाठी निघालेले त्यांत थोडे.

७/
येथे एका लोकप्रिय आख्यायिकेकडे वळू. समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते की, इनॉक पॉवेल यांनी आरोग्यमंत्री असताना मोहीम काढून भारतीय डॉक्टरांची भरती केली आणि पुढे त्याच पॉवेल यांनी १९६८ मध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केले. विरोधाभास इतका चटकदार आहे की तो खरा असावा असे वाटते.

पॉवेल १९६० ते १९६३ या काळात आरोग्यमंत्री होते, हे खरे. १९६२ ची रुग्णालय-योजना त्यांचीच. तीत ९० नवी रुग्णालये बांधण्याचा संकल्प होता. त्यांच्या खात्याचा कारभार परदेशी डॉक्टरांवर टेकलेला होता, हेही खरे. पण त्यांनी स्वतः खास मोहीम उघडली याला भक्कम पुरावा नाही. आणि माझ्या मते मोहीम नव्हती, हीच गोष्ट अधिक बोलकी आहे. मोहिमेची गरजच काय होती? साम्राज्याने शंभर वर्षांत उभी केलेली महाविद्यालये, तीच पाठ्यपुस्तके, तीच भाषा आणि पदव्यांची परस्परमान्यता, एवढी सामग्री तयार असताना डॉक्टर आपणहून येत होते. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर बंधने आली, तरी त्यातील परवान्यांची एक श्रेणी कुशल मनुष्यबळासाठी राखीव होती. दार कामगारांसाठी अरुंद झाले, डॉक्टरांसाठी उघडेच राहिले.

१९६१ साली लॉर्ड कोहेन यांनी उमरावांच्या सभागृहात कबुली दिली की, भारत-पाकिस्तानसारख्या देशांतून आलेले कनिष्ठ डॉक्टर नसते तर आरोग्यसेवा कोसळली असती. हे कोहेन कोण? जनरल मेडिकल कौन्सिलचे अध्यक्षपद ज्यांनी पुढे दीर्घकाळ भूषवले तेच.

८/
आता रुग्णालयाच्या आतील पायऱ्या समजून घेऊ, कारण सारी गोष्ट या पायऱ्यांवर घडते.

तळाशी हाउस ऑफिसर. त्यावर सीनियर हाउस ऑफिसर, मग रजिस्ट्रार, सीनियर रजिस्ट्रार, आणि शिखरावर कन्सल्टंट. खालच्या जागा सहा महिन्यांच्या, वर्षाच्या असत. मुदत संपली की नवा अर्ज, नवे गाव, नवी खोली. रजिस्ट्रारपर्यंत जागा भरपूर. त्यावर मनोरा एकाएकी निमुळता होई. सीनियर रजिस्ट्रारची जागा म्हणजे कन्सल्टंटपदाचा दरवाजा, आणि त्या जागा बहुतांशी शिक्षणरुग्णालयांच्या हातात.

तेथे गुणांइतकेच शिफारशीला महत्त्व असे. कोणत्या महाविद्यालयात शिकलात, कोणत्या प्राध्यापकाच्या हाताखाली काम केलेत, कोणी फोन उचलून तुमच्याविषयी दोन शब्द बोलेल का? मुंबईहून आलेल्या तरुणाजवळ पदवी होती, पण फोन उचलणारा माणूस नव्हता. ज्याच्या शब्दाला वजन असेल असा वरिष्ठ मिळवायचा तर शिक्षणरुग्णालयात काम केलेले हवे. आणि शिक्षणरुग्णालयात काम मिळवायचे तर वजनदार वरिष्ठाचा शब्द हवा.

मग मधल्या पायरीवर अडकलेल्यांचे काय होई? अशांसाठी ‘मेडिकल असिस्टंट’ नावाची एक श्रेणी होती. १९८० च्या दशकात तिचे नाव ‘असोसिएट स्पेशालिस्ट’ झाले. काम अनुभवी तज्ज्ञाचे, अधिकार आणि वेतन कन्सल्टंटपेक्षा खालचे, आणि तेथून वर जाण्याची वाट जवळजवळ बंद. या श्रेणीत परदेशी पदवीधरांची दाटी झाली, यात नवल ते कसले!

९/
दुसरी विभागणी विषयांची. शल्यचिकित्सा, हृदयरोग, मज्जासंस्था हे मानाचे विषय. वृद्धांचे आजार, मनोरुग्णांचे वॉर्ड, मतिमंदांसाठीच्या संस्था हे कोणाला नको असलेले विषय.

वृद्धरोगचिकित्सेची, म्हणजे जेरियाट्रिक्सची कहाणी सविस्तर सांगण्याजोगी आहे. १९३५ साली लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या वर्कहाउसचा आजारी कक्ष ताब्यात घेतला. तेथील ७१४ रुग्णांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे आली. बहुतेक वृद्ध वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले. ‘आता यांचे काही व्हायचे नाही’ असे गृहीत धरून टाकलेले. वॉरन यांनी एकेकाची नीट तपासणी केली, वर्गवारी केली, चालण्याचा सराव सुरू केला, भिंतींना रंग दिले. कित्येक जण उठून उभे राहिले, काही घरी गेले. एक नवे शास्त्र जन्मास आले.

पण प्रतिष्ठा आली नाही. खाजगी रुग्ण नाहीत म्हणून वरकमाई नाही, इमारती जुन्याच, आणि ‘म्हाताऱ्यांचा डॉक्टर’ म्हणजे जो इतरत्र जमला नाही तो, ही समजूत. ब्रिटिश पदवीधरांनी पाठ फिरवली आणि रिकाम्या जागांवर भारत, पाकिस्तान, श्रीलंका येथून आलेले डॉक्टर दाखल झाले. अनेक जण हृदयरोगतज्ज्ञ किंवा सामान्य वैद्यकातील तज्ज्ञ व्हायला आले होते. अर्जामागून अर्ज परत आल्यावर कोणीतरी वरिष्ठ सुचवी की, जेरियाट्रिक्समध्ये पाहा, तेथे तुम्हाला कन्सल्टंट होता येईल.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी या पिढीच्या मौखिक मुलाखती नोंदवून ठेवल्या आहेत. त्यांत कटुता आहे, तसा अभिमानही आहे. ज्या विषयात नाइलाजाने पाऊल टाकले तो विषय त्यांनी उभा केला : दिवसभराची उपचारकेंद्रे, घरी जाऊन तपासणी, पक्षाघातानंतरचे पुनर्वसन. आज ब्रिटनमध्ये वृद्धरोगचिकित्सा ही वैद्यकातील अत्यंत मोठी शाखा आहे. तेव्हा ‘त्यांना बाजूला ढकलले’ हे अर्धेच सत्य. ज्या बाजूला ढकलले ती बाजूच पुढे आरोग्यसेवेचा गाभा ठरली, हे उरलेले अर्धे.

१०/
तिसरी विभागणी नकाशावरची. रुग्णालयाची शिडी सोडून अनेकांनी सामान्य वैद्यकाचा, म्हणजे कौटुंबिक डॉक्टरचा मार्ग धरला. नव्या दवाखान्यांना परवानगी देणारी एक मध्यवर्ती समिती होती. डॉक्टर पुरेसे आहेत अशा भागांत ती नव्याने दवाखाना उघडू देत नसे. जेथे तुटवडा तेथे स्वागत असे. सुस्थितीतील दक्षिण इंग्लंड भरलेले. मोकळे होते ते कोळशाच्या खाणींचे वेल्स, कापडगिरण्यांचे लँकेशायर, पोलादाचे उत्तर इंग्लंड, मोठ्या शहरांतील गरीब वस्त्या. जुलियन सिम्पसन यांनी या डॉक्टरांचा इतिहास लिहिला आहे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९८० च्या दशकात ब्रिटनमधील सुमारे १६ टक्के कौटुंबिक डॉक्टर भारतीय उपखंडात जन्मलेले होते, आणि ते समान विखुरलेले नव्हते. औद्योगिक पट्ट्यांत त्यांचे प्रमाण कितीतरी अधिक होते.

वेल्समधील ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली एक सूत्र मांडले, जे आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाते : चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. जेथे आजार अधिक तेथे डॉक्टर कमी. खाणकामगाराच्या फुप्फुसात साठलेली कोळशाची धूळ तपासायला जो डॉक्टर अखेर आला, तो पुष्कळदा मुंबई, मद्रास, कलकत्ता किंवा लाहोरचा होता. मागच्या वर्षीच आलेला, मोडके वेल्श इंग्रजी समजून घेता घेता रात्रीच्या भेटीला निघालेला.

११/
१९७१ साली इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील ३१ टक्के डॉक्टर परदेशात जन्मलेले आणि तेथेच शिकलेले होते. जवळजवळ तिघांपैकी एक. सेवेच्या स्थापनेला तेवीस वर्षे झाली होती, आणि आता प्रश्न विचारला जाऊ लागला : हे डॉक्टर पुरेसे चांगले आहेत का?

१९७५ साली मेरिसन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. वैद्यकीय व्यवसायाच्या नियमनाविषयी नेमलेल्या या समितीने म्हटले की, परदेशी डॉक्टरांपैकी लक्षणीय संख्येच्या डॉक्टरांचे कौशल्य देशात मान्य असलेल्या दर्जाहून कमी आहे. त्याच वर्षी तात्पुरत्या नोंदणीसाठी भाषा आणि वैद्यकीय ज्ञान यांची परीक्षा सुरू झाली. तिचेच रूप पुढे ‘पीएलएबी’ नावाने स्थिर झाले. आरंभी बसलेल्यांपैकी बहुसंख्य नापास झाले. आणि त्याच १९७५ मध्ये कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढून घेतली. १९३० ची पुनरावृत्ती; फरक इतकाच की या वेळी ती परत मिळाली नाही.

१२/
येथे घाईने निवाडा देऊ नये. स्वातंत्र्यानंतर भारतात महाविद्यालये झपाट्याने वाढली होती, सर्वांचा दर्जा सारखा नव्हता. हे आपल्याकडचे जाणकारही म्हणत होते. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी परीक्षा घेणे यात मुळात गैर काही नाही. लँकेशायरच्या म्हातारीची बोली डॉक्टरला कळलीच पाहिजे.

पण दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे वेळ. ज्या डॉक्टरांच्या हाती पंचवीस वर्षे रात्रीचे वॉर्ड सोपवले, त्यांच्या ज्ञानाची शंका नेमकी कधी आली? ब्रिटनने नवी वैद्यकीय महाविद्यालये काढून स्वतःचे विद्यार्थी वाढवायला घेतले, तेव्हा.

दुसरी अधिक गंभीर. १९७३ साली ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. १९७५ च्या युरोपीय निर्देशांनी सदस्य देशांच्या वैद्यकीय पदव्या परस्परांस ग्राह्य ठरल्या. परिणामी इटलीत इटालियनमधून शिकलेल्या डॉक्टरला वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा नाही. आणि इंग्रजी माध्यमातून, ब्रिटिश पुस्तकांवर, ब्रिटिश साच्यात शिकलेल्या मुंबईच्या डॉक्टरला मात्र आहे. पदवीचे मोल पुन्हा एकदा दोन देशांतील करारावर ठरले. केवळ दर्जाचा प्रश्न असता तर परीक्षा दोघांनाही असती.

त्याच वर्षी परदेशी डॉक्टरांनी आपली संघटना, ओव्हरसीज डॉक्टर्स असोसिएशन, स्थापन केली. तोवर प्रत्येक जण आपल्या नकाराच्या पत्रांचा अर्थ एकटाच लावत होता.

१३/
१९८० च्या दशकात आणखी एक प्रकरण बाहेर आले. ते स्थलांतरित डॉक्टरांचे नव्हे, वैद्यकीय प्रवेशाचे आहे, पण या धाग्यात त्याला जागा हवी. लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलमध्ये अर्जांची पहिली चाळणी करण्यासाठी संगणकाची आज्ञावली तयार करण्यात आली. निवड समितीचे जुने निर्णय अभ्यासून तसेच निर्णय तिने द्यावेत अशी योजना होती, आणि ती तसे देऊ लागली. वांशिक समानता आयोगाने चौकशी करून १९८८ मध्ये निष्कर्ष दिला : स्त्रियांचे आणि युरोपीय न वाटणाऱ्या नावांच्या उमेदवारांचे गुण आज्ञावली कमी करत होती. दरवर्षी सुमारे ६० जणांची मुलाखत यामुळे हुकली असावी. संगणकाने नवा पक्षपात शोधून काढला नव्हता. माणसांचाच त्याने प्रामाणिकपणे नकलून घेतला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चा ऐकताना मला हे प्रकरण हटकून आठवते.

१४/
आता त्या ४६ पाकिटांकडे परत येऊ. प्रयोग करणारे डॉक्टर होते अनीझ इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन. निष्कर्ष १९९३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. एकूण १८ वेळा उमेदवार मुलाखतीच्या यादीत निवडला गेला. इंग्रजी नावे १२, आशियाई नावे ६.

सर्व काल्पनिक उमेदवार ब्रिटनमध्येच शिकलेले होते, हे पुन्हा लक्षात घ्या. म्हणजे पदवीच्या दर्जाचा आक्षेप येथे लागूच होत नव्हता, इंग्रजी भाषेचाही नाही, अनुभवाचाही नाही. पहिल्या ओळीतले नाव तेवढे वेगळे होते. १९३० पासून दिली गेलेली सारी कारणे एकेक करून वजा केल्यावर जे उरते, ते या प्रयोगाने मोजले.

दोघांवरचा खटला पुढे चालला नाही. १९९७ साली त्यांनी प्रयोग पुन्हा केला. तफावत घटली होती, मिटली नव्हती.

१५/
एक शेवटचा अध्याय, तुलनेने ताजा.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनला पुन्हा डॉक्टर हवे होते. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २००५ च्या सुमारास एकेका कनिष्ठ जागेसाठी शेकडो अर्ज येऊ लागले. पूर्व लंडनमधील ईस्ट हॅम परिसरात एका खोलीत दाटीवाटीने राहून, मंदिरातील मोफत जेवणावर दिवस काढणाऱ्या भारतीय डॉक्टरांच्या बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत येत होत्या. घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेले. परीक्षा उत्तीर्ण, नोंदणी झालेली, नोकरी नाही. आणि परत जाऊन सांगायचे काय?

अशातच मार्च २००६ मध्ये सरकारने जाहीर केले की, परदेशी डॉक्टरांना कामाच्या परवान्याविना प्रशिक्षण घेण्याची सवलत बंद होत आहे. अंमल एप्रिलपासून, जेमतेम महिनाभराची सूचना. रुग्णालयाने आधी ब्रिटन व युरोपातील उमेदवार शोधावा, न मिळाल्यासच बाहेरचा घ्यावा. आरोग्यखात्याने पुढे जाऊन हीच अट उच्चकौशल्य योजनेखाली राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळवलेल्या डॉक्टरांनाही लावण्याची सूचना रुग्णालयांना केली.

भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही १९९६ साली स्थापन झालेली संघटना न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयात हार, अपिलात यश, आणि ३० एप्रिल २००८ रोजी उमरावांच्या सभागृहाच्या न्यायपीठाने बहुमताने निर्णय दिला : आरोग्यखात्याची सूचना बेकायदा होती.

निर्णय मोलाचा होता. पण तोवर दोन वर्षे उलटली होती. व्हिसाची मुदत अशी थांबत नाही. अनेक जण केव्हाच सामान बांधून परतले होते, किंवा ऑस्ट्रेलियाची वाट धरून गेले होते.

१६/
पीएलएबीचा पहिला, लेखी भाग आता मुंबईतही देता येतो. दुसऱ्या भागासाठी मात्र स्वतःच्या खर्चाने मँचेस्टर गाठावे लागते.

(धागा समाप्त. आपल्या घरात, नात्यात या पिढीतील कोणी डॉक्टर असतील तर त्यांची नेमणूकपत्रे आणि नकाराची पत्रे, दोन्ही जपून ठेवा. आणि त्यांना एकदा विचारा की पहिली नोकरी कोणत्या वॉर्डात होती.)